सोयराबाईंचा मासा

चाळीस वर्षांच्या संसारात रघुजींनी बायकोला आपणहून कधी एक गजरासुद्धा आणला नव्हता. पण लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला त्यांनी तिला आख्खा मासा बहाल केला. खायचा नव्हे, शास्त्रातला!

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले रघुजी जन्मभर तारली माशाच्या गोतावळ्यामागे लागलेले. मलपे बंदराहून आलेल्या एका बोटभर तारलीचे पोटाखालचे टोकदार खवले त्यांनी भिंगाखाली अकरा वेळा मोजले. दरवेळी नेहमीच्या तारलीपेक्षा दोन जास्तच भरले. ही जात नवी, असं त्यांनी ठरवलं, निबंध छापून आणला आणि नाव दिलं: सार्डिनेला सोयराबाईए.

"आता जगबुडी झाली तरी तुझं नाव पुसलं जाणार नाही," ते सोयराबाईंना म्हणाले.

दुपारपर्यंत सोयराबाईंनी ही बातमी जे. पी. नगर ह्या कानडी वस्तीतल्या एकूण एक मराठी घरात पोचवली. रविवारी मराठी मंडळातर्फे सत्कार ठरला.

शुक्रवारी जुने सहकारी कृष्णमूर्ती यांचा फोन आला. "रघुजी, तुमच्या माशाला दीडशे वर्षांपूर्वीच एका साहेबाने नाव देऊन ठेवलंय. परदेशातल्या संग्रहालयात बरणीत ठेवलेला त्याचा नमुना मी तपासून घेतला. त्यालाही दोन खवले जास्तच आहेत."

रघुजींनी फोन ठेवला. आधी छापलेलं नाव खरं, मागाहूनचं बाद, हा नियम त्यांनीच तीस वर्षं वर्गात घोकून घेतला होता.

बायकोला सांगायची छाती होईना. त्यांनी पुतण्याला, रणजीतला गाठलं. "सत्कार नको रे. मी त्या लायकीचा नाही."

"अण्णा, तुमचा हा साधेपणाच," रणजीत भारावून म्हणाला. त्याने लगेच बँड सांगितला.

"स्वल्प थांब रे, थोडं ऐक. निदान घरातल्या घरात करू."

"सरी, अण्णा, तसंच करू," म्हणत त्याने दुप्पट मोठा हॉल घेतला. त्याच्या बायकोने, दिव्यश्रीने, दोन हात लांबीचा माशाच्या आकाराचा केक केला.

रविवारी म्हैसूर सिल्क नेसून सोयराबाई व्यासपीठावर बसल्या. त्यांचा फुललेला चेहरा बघून रघुजींना आणखी लपवणं जमेना. त्यांनी माइक घेतला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे आधी ठेवलेलं नाव खरं?" सोयराबाईंनी शांतपणे विचारलं.

"हो."

"मागाहून कुणी कितीही हौसेने बदललं तरी?"

"तरी बाद. नियमच आहे तसा."

सोयराबाईंनी माइक ओढून घेतला. "मंडळी, माझ्या वडिलांनी माझं नाव कमला ठेवलं होतं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने सोयराबाई लिहिलं, मला न विचारता. चाळीस वर्षं मी ते निभावलं. आज खुद्द प्रोफेसरांनीच ते रद्द केलंय."

बायकांनी टाळ्यांनी हॉल दणाणून सोडला. बँडवाल्यांना वाटलं, आपली वेळ झाली. कमलाबाईंनी हसत हसत केक कापला आणि पहिला तुकडा रघुजींना भरवला. रघुजींचा जीव भांड्यात पडला.

सोमवारी सकाळी मंडळातल्या तीन बायका आपापल्या नवऱ्यांना घेऊन दारात हजर. "अण्णा, तो नियम ह्यांना स्वल्प समजावून सांगा."

इतके गप्प बसलेले विद्यार्थी रघुजींना तीस वर्षांत मिळाले नव्हते.