बिनसणाचे फोटो

केकवर सुरी टेकली की खोलीतले सगळे फोन वर येतात आणि मुकुंद तांबवेकरचा फोन खिशात जातो. टाळ्या होतात, मेणबत्ती विझते, कुणीतरी मुलाच्या नाकाला क्रीम लावतं. मुकुंद कोपऱ्यात हात बांधून उभा असतो. मग केक संपतो, पाहुणे चपला शोधायला लागतात आणि ज्याचा वाढदिवस तो फुगा फुटला म्हणून भोकाड पसरतो. मुकुंदचा फोन तेव्हा बाहेर येतो.

"थांब राजा, डोळे पुसू नकोस. तसाच रड. हां! ये है असली माल."

देवासच्या आमच्या कॉलनीत मुकुंद माझ्या शेजारी राहतो, भिंतीला भिंत लागून. त्याचे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याकडून इथे आले. मुकुंदही कारखान्यातच आहे, तपासणी विभागात. जन्म इथला, शाळा हिंदी. त्यामुळे त्याचं वाक्य मराठीत सुरू होतं आणि वाटेत कुठे बदलतं ते त्यालाही कळत नाही. मला तो 'भिया' म्हणतो, म्हणजे भैया. मी वयाने बराच मोठा आहे, पण माळव्यात भिया व्हायला वय लागत नाही.

मी एका हिंदी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. फोटो निवडायचे, त्याखाली ओळ लिहायची, हे माझं रोजचं काम. आमच्याकडे फोटो म्हणजे फीत कापणारे हात आणि त्या हातांमागे दाटीने उभे असलेले चेहरे. मुकुंदने पहिल्यांदा त्याचे फोटो दाखवले तेव्हा सवयीने मी त्यात बातमी शोधली.

"यात काय आहे?"

"मोनू मोजा घालतोय."

"बरं. मग?"

"उलटा घालतोय, भिया!"

त्याच्याकडचे सगळे फोटो असेच. मोनू दारामागे लपला आहे आणि त्याचं पोट बाहेर आहे. रेवा पाढे म्हणता म्हणता टेबलावर झोपली आहे. डब्यातली भेंडी तशीच परत आली आहे. शाळेला निघालेल्या रेवाच्या दोन वेण्या आहेत, एक धारकडे तोंड करून, दुसरी उज्जैनकडे. त्या वेण्या मुकुंदने घातलेल्या. तो फोटोही त्यानेच काढला आणि स्वतःच्या कामाचा तपासणी अहवालही दिला, "माल रिजेक्ट, पर टाइम पे डिलीवर."

रेवा दुसरीत आहे आणि मोनू तिसऱ्या वर्षात. वेण्या बापाने घालायचं कारण असं, की मुलांची आई, माधुरी, उदयनगरच्या पुढे एका गावात सरकारी शाळेत शिकवते. उदयनगर आमच्याच जिल्ह्यात आहे, पण जंगलात. रोज जाऊन येणं शक्य नाही. सोमवारी पहाटेच्या बसने ती जाते, शनिवारी संध्याकाळी येते. मधले दिवस तिथेच एका खोलीत राहते. मुकुंद कारखान्यात असतो तेव्हा मुलांना समोरच्या दुबे आंटी सांभाळतात. ही नोकरी तिला परीक्षांमागून परीक्षा देऊन, धाकटा पोटात असताना मिळाली. ती सोडायचा प्रश्न नव्हता.

मोनूने पहिलं पाऊल टाकलं ते मंगळवारी. शनिवारी आईला दाखवण्यासाठी बापाने त्याला मधोमध उभं केलं, टाळ्या वाजवल्या, खुळखुळा दाखवला. मोनू खाली बसला आणि फरशी चाटू लागला. माधुरी हसली. पण मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मुकुंदचं फोटोचं वेड त्या दिवसापासूनचं.

"सण तिला दिसतात, भिया," त्याने मला समजावलं. "दिवाळीला ती असते. बड्डेला असते. मंगळवार कोण दाखवणार तिला? मंगलवार की तो कोई छुट्टी नहीं होती ना!"

तिच्या गावात मोबाइल पाण्याच्या टाकीजवळच्या चढावर लागतो. बोलणं कसंबसं होतं, फोटो पोचत नाही. म्हणून मुकुंद फोटो छापून घेतो आणि पाकीट बसच्या ड्रायव्हरकडे देतो. ड्रायव्हर ते गावच्या चहावाल्याकडे सोडतो. या व्यवस्थेमुळे आमच्या बाजारातल्या फोटो स्टुडिओच्या मालकाचं डोकं फिरायची वेळ आली आहे. एकदा मी तिथेच होतो. मालक मुकुंदला विचारत होता.

"भिया, इसमें बच्चे की आँख बंद है. ये भी निकालूँ?"

"बंद है क्योंकि सो रहा है."

"और ये? इसमें तो बच्चा ही नहीं है. खाली थाली है."

"पूरी साफ है ना? पहली बार पालक खाया उसने. बड़ी साइज में निकालो."

मालकाने माझ्याकडे पाहिलं. मी बाहेरच्या रहदारीकडे पाहिलं.

मुकुंदची खरी परीक्षा धारला होते. माधुरीचं माहेर धारचं, जुन्या दरबारी घराण्यातलं. दरबार गेला, माणसं आता बँकेत आणि कोर्टात कामाला आहेत, पण फोटोला बसण्याची पद्धत शाबूत आहे. त्या घरी फोटोला अजून 'तसबीर' म्हणतात. पुरुष मागे उभे, बायका खुर्च्यांवर, मुलं पुढे सतरंजीवर, सर्वांची नजर समोर, दात कुणाचेही दिसता कामा नयेत. गेल्या पाडव्याला मीही त्यांच्याबरोबर गेलो होतो. सासूबाईंनी सगळ्यांना जागेवर बसवलं आणि फोन मोठ्या विश्वासाने जावयाच्या हातात दिला.

मुकुंद म्हणाला, "रेडी." माणसं ताठ झाली. मुकुंद थांबला. माणसं आणखी ताठ झाली. मुकुंद थांबलेलाच. शेवटी वकीलमामांचा श्वास सुटला, त्यांनी कान खाजवला, माधुरीच्या काकू पदराआड जांभई देऊ लागल्या, मोनूने पुढच्या मुलाच्या टोपीत हात घातला. तेवढ्यात मुकुंदने बटण दाबलं.

सासूबाईंनी फोटो पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"जावईबापू, तसबीर काढलीत की पंचनामा केलात?"

"आईसाहेब, खरा आहे."

"खरं आम्हांला ठाऊक आहे. ते भिंतीवर कशाला लावायचं?"

दुसरा फोटो वकीलमामांच्या मुलाने काढला. तो भिंतीवर लागला. पंचनामा उदयनगरला गेला आणि माधुरी तो पाहून इतकं हसली, की शेजारच्या खोलीतली बाई विचारायला आली, असं मुकुंदच मला सांगत होता. त्या दिवशी तो फार खुशीत होता.

पाकिटं जात राहिली. शनिवारी घरी आलेल्या माधुरीला सगळं ठाऊक असे. रेवाचा दात कुठल्या बाजूचा हलतोय, मोनू कुठल्या वाटीतून दूध पीत नाही. ती दारातूनच विचारी, "पट्टी कुठे आहे गुडघ्याची?" मुकुंदची छाती फुगे. योजना बरोबर चालली आहे असं त्याला वाटत होतं. मलाही वाटत होतं.

मोनू बोलायला उशिरा लागला. बोलू लागला तेव्हा आईला 'आईआई' म्हणू लागला. लहान मुलं शब्द दोनदा म्हणतात, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. धारच्या आजीला तो आजीच म्हणे, बाबाला बाबाच. फक्त आई दोनदा. रेवाने त्याला दुरुस्त करायचा पुष्कळ प्रयत्न केला. "मोनू, एकच आई आहे. बोल, आई." मोनू म्हणे, "आईआई."

उलगडा एका शनिवारी झाला. मी आणि मुकुंद फाटकाशी उभे होतो. माधुरी रिक्षातून उतरली. समोरच्या घरातल्या दुबे आंटींनी दर शनिवारप्रमाणे गॅलरीतून हाक दिली, "मोनू! आई आई क्या?" आंटी हिंदीभाषक. मुलं आईला 'आई' म्हणतात म्हणून त्याही म्हणतात. आणि हिंदीत 'आई' म्हणजे आली. आई आली का, एवढंच त्या विचारत होत्या.

मोनू उड्या मारत फाटकाकडे धावला. "आईआई! आईआई!"

माधुरी वाकली होती, त्याला उचलायला. ती तशीच थांबली. तिने गॅलरीकडे पाहिलं, मग मोनूकडे. आधी हसू आलं तिला, मला ते स्पष्ट दिसलं. मग ते गेलं.

चहाला सगळे माझ्याकडे होते. मुलं आत टीव्ही पाहत होती.

"त्याच्या लेखी मी आई नाहीच," ती म्हणाली. "आई-आली, हे नाव आहे माझं. जी येते ती बाई."

"अरे, दो अक्षर ज्यादा बोल रहा है बच्चा," मुकुंद म्हणाला. "मोठा झाला की सोडेल."

"मी राजीनामा देते."

"देऊ नकोस."

"तुझे फोटो येतात, मुकुंद. मला त्याचा मंगळवार माहीत असतो. त्याला माझा मंगळवार माहीत आहे का? मी कुठे बसते, काय करते, कुणावर ओरडते? त्याला एवढंच ठाऊक, की मी नसते आणि मग रिक्षातून उतरते."

 मुकुंदने कपातली बिस्किटाची बुडालेली अर्धी चकती चमच्याने काढली, बशीत ठेवली.

सोमवारी माधुरी गेली. राजीनाम्याचं ठरलं नव्हतं, टळलंही नव्हतं. संध्याकाळी मुकुंद माझ्या दारात आला.

"भिया, तुमची सुट्टी बुधवारला असते ना?"

आमच्या धंद्यात रविवार कामाचा असतो. आणि माझ्याकडे गाडी आहे.

बुधवारी सकाळी निघालो. रेवाने शाळा बुडवली, मुकुंदने रजा टाकली. चापडा मागे पडलं, बागली मागे पडलं, मग सागाची झाडं सुरू झाली. रेवा प्रत्येक वळणावर विचारत होती, "आई इथून येते?" मोनू काहीच विचारत नव्हता. त्याने दोन्ही हातांत एक केळं धरलं होतं आणि ते तो आईला द्यायचं म्हणत होता. बागलीला त्यानेच ते खाल्लं.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. माधुरी फळ्यावर लिहीत होती, पाठ आमच्याकडे. केसांचा अंबाडा, बाहीला खडूची भुकटी. पोरं तरटाच्या टाटपट्टीवर बसलेली. मुकुंदने दाराच्या अलीकडे थांबून मुलांना हळूच आत ढकललं. स्वतः गेला नाही.

"तूही चल की," मी म्हणालो.

"मी गेलो तर शाळा सुटेल, भिया. तिला काम करताना बघू दे."

माधुरीने वळून पाहिलं. तिचा खडूचा हात वरच राहिला. पोरं माना वळवून पाहू लागली. ती जवळ येईल, मुलांना उचलेल असं मला वाटलं. तीही एक पाऊल आली. मग दाराबाहेर उभ्या नवऱ्याकडे तिची नजर गेली. मुकुंदने हाताने खूण केली, चालू दे. ती एक पाऊल मागे गेली.

"शेवटच्या ओळीत बसा," ती म्हणाली. "आवाज नको."

रेवा आणि मोनू शेवटच्या ओळीत बसले. वर्ग पुढे सुरू झाला. मी खिडकीतून पाहत होतो. एकाने बोट वर केलं, "मैडमजी, पानी पी आऊँ?" जा, ती म्हणाली. दुसऱ्याने बोट वर केलं, "मैडमजी, इसने मेरी पेंसिल ली." तिने पेन्सिल परत करवली. मोनू एकेकाचं बोट पाहत होता आणि मग तिचं तोंड. बोट वर गेलं की ती तिथेच असायची. दर वेळी.

बऱ्याच वेळाने मोनूचं बोट वर गेलं.

"आई," तो म्हणाला. एकदाच.

"काय रे?"

"कुछ नहीं."

"बरं," ती म्हणाली आणि फळ्यावरचा अर्धा राहिलेला शब्द पुरा करायला वळली. तो पुरा व्हायला जरा वेळ लागला.

मी मुकुंदकडे पाहिलं. तो खिडकीच्या कडेला भिंतीला खांदा टेकून उभा होता आणि मुलांकडे त्याचं लक्षच नव्हतं. इतक्या पाकिटांत त्याने तिला सगळे वार पाठवले होते. तेच वार त्यानेही तिच्याशिवाय घालवले होते, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"बुधवारी अशी दिसते होय," मुकुंद म्हणाला.