नळसाहेबांचा ब्लॉग देखणा होतो

ब्लॉग लिहावा की लिहू नये, याबाबत मतभेद असू शकतात. परंतु लिहिलाच तर तो ‘प्रोफेशनल’ दिसावा, याबाबत समाजात संपूर्ण एकमत आहे. हे एकमत नळसाहेबांच्या कानावर जरा उशिरा आलं. तोवर बिचाऱ्यांनी ब्लॉग लिहून टाकला होता.

नळसाहेब म्हणजे पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार निवारण कक्षाचे माजी प्रमुख. उभा जन्म लोकांच्या गळक्या पाइपांची गाऱ्हाणी ऐकण्यात गेल्यामुळे त्यांचं खरं नाव आता शेजाऱ्यापाजाऱ्यांना आठवतही नसे. निवृत्तीनंतर त्यांनी ब्लॉग काढला तो काही हौसेखातर नव्हे. धाकट्या बहिणीपायी काढला.

ही बहीण दुसऱ्या गावी एका तळमजल्यावर एकटी राहायची आणि शाळांचे गणवेश शिवायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, आणि तिन्ही भिंतींना टेकून कापडाचे तागे. ताग्यांच्या मागून जुनाट पाइप गेलेले. आता असं बघा, त्या घराचं प्लंबिंग ज्याने केलं तो एकतर डावखुरा असावा किंवा घरमालकावर जाम चिडलेला असावा; कारण सगळ्या घराचं पाणी तोडणारा मेन कॉक त्याने उलट्या आट्यांचा बसवला होता. जगातले कॉक उजवीकडे फिरवले की बंद होतात. हा उजवीकडे फिरवला की दुप्पट उघडायचा. बहिणीच्या जिवाला घोर एकच: एखाद दिवशी पाइप फुटला आणि ऐन वेळी काही सुचलं नाही, तर लोकांचं सगळं कापड पाण्यात जाईल. म्हणून कुठे थेंब टपकला की ती दादाला फोन करायची.

“तू घाबरू नकोस,” नळसाहेब एकदा म्हणाले, “मी सगळं लिहूनच ठेवतो. मोबाइलवर उघडायचं आणि वाचायचं.”

असा ‘गळती आणि उपाय’ हा ब्लॉग जन्माला आला. पिवळी पार्श्वभूमी, लाल ठसठशीत अक्षरं, आणि गंजलेल्या पाइपांचे तिरपे फोटो. ‘पाइप फुटल्यास’ या लेखाचं पहिलंच वाक्य होतं: ‘मेन कॉक बंद करा. ताई, तुझ्याकडचा डावीकडे फिरतो, विसरू नकोस.’ बहीण वाचायची, वायसर बदलायची, आणि कळवायची, “जमलं रे दादा!” हळूहळू इतर गळकी माणसंही यायला लागली. वाचायची, पाना उचलायची, आणि चिडीचूप निघून जायची. नळसाहेब अगदी भरून पावले होते.

मग एका रविवारी जावई आले.

जावई एका कंपनीत कशाकशाला ओळख मिळवून देण्याचं काम करत. नेमकं कशाला, हे सासरच्यांनी भीतीपोटी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी ब्लॉग उघडला, डोळे किलकिले केले आणि मोबाइल हातभर लांब धरला.

“बाबा, मजकूर छान असेलच,” ते म्हणाले, “पण प्रोफेशनल नाही वाटत.”

सासूबाईंच्या हातातला कप तसाच राहिला.

इथे नळसाहेबांची एक सवय सांगायला हवी, नाहीतर पुढचा घोळ कळायचा नाही. कक्षात असताना त्यांनी आलेली तक्रार कधीही फेटाळली नव्हती. तक्रार योग्य की अयोग्य, हे ठरवणं कक्षाच्या अखत्यारीत येत नसे. तक्रार आली की तिचं निवारण व्हायचं, आणि निवारण झालं की साहेबांची सही व्हायची. नळाला पाणी येणं हा पूर्णपणे वेगळा विषय होता आणि तो वेगळ्या मजल्यावर हाताळला जाई. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की, “आज गरम होतंय” असं कोणी सहज म्हटलं तरी साहेब उठून खिडकी उघडत.

“आपला मुद्दा प्राप्त झाला, जावईबापू,” ते गंभीरपणे म्हणाले. “निवारण होईल.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी अभ्यास सुरू केला. डिझायनर नसतानाही ब्लॉग प्रोफेशनल कसा दिसावा, हे सांगणारे लेख इंटरनेटवर पोत्याने पडलेले असतात. सर्वांचा निष्कर्ष एकच होता: वाचकाला श्वास घ्यायला मोकळी जागा हवी. साहेबांनी लाल रंग काढला. पिवळा काढला. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं आणली, तीही इतक्या फिक्या राखाडी रंगाची की आपण उगाच छापले गेलो याचा त्यांना संकोच वाटत असावा.

“अहो, काही दिसत नाही यात,” बायको म्हणाली.

“ती सौम्य आहेत.”

“सौम्य असू देत. पण दिसत नाहीत!”

परंतु घरगुती तक्रारी कक्षाकडे कधीच आल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या निवारणाची पद्धत साहेबांना ठाऊक नव्हती.

यानंतर शेजारच्या दातांच्या डॉक्टरांचा अभिप्राय आला. “साहेब, गंजलेला पाइप कसला दाखवता? मी दवाखान्यात किडके दात टांगले तर पेशंट जिन्यातूनच पळेल. हसरा चेहरा दाखवा!” निवारण झालं. गंजलेले पाइप गेले आणि तयार फोटोंच्या दुकानातून एक सुंदर बाई आली. ती काचेच्या ग्लासातून पाणी पीत होती आणि पिता पिता हसत होती. अशा वेळी ठसका लागतो, हे साहेबांना माहीत होतं. पण फोटो प्रोफेशनल होता. तो पूर्ण पडदा व्यापायचा. मजकूर त्याच्या खाली, मोकळ्या जागेच्याही खाली, जिथे फार थोडे लोक जातात अशा भागात हलवण्यात आला.

एकदा सुधारणा सुरू झाली की ती मध्येच थांबवणं नियमात बसत नाही. जावई म्हणाले, लोगो हवा. लोगो आला. ‘गळती’ हा शब्द नकारात्मक आहे. ब्लॉगचं नाव ‘थेंब’ झालं. ‘माझ्याविषयी’ असं एक पान हवं. साहेबांनी कोट घालून, हाताची घडी घालून, पाना छातीशी धरून काळा-पांढरा फोटो काढला. त्यात ते नळ दुरुस्त करणाऱ्यापेक्षा नळाने फार दुखावलेल्या माणसासारखे दिसत होते. वाचकांशी नातं जोडायला हवं. मग आल्या आल्या एक खिडकी उघडून वाचकाचं नाव, पत्ता आणि पाण्याशी असलेलं नातं विचारू लागली.

शेवटी पाळी मजकुराची आली. “वाक्यं फार आहेत, बाबा,” जावई म्हणाले. “लोक वाचत नाहीत. लोक फक्त नजर टाकतात.”

“पण ‘ताई, तुझ्याकडचा डावीकडे फिरतो’ हे मी मुद्दाम लिहिलंय हो.”

“हे फारच घरगुती झालं. सगळ्यांना लागू पडेल असं काहीतरी म्हणा.”

साहेबांना पहिल्यांदाच आत कुठेतरी टोचलं. पण तक्रार ती तक्रार. त्या ओळीच्या जागी उगवत्या सूर्याचं चित्र आलं आणि त्यावर सुबक अक्षरांत लिहिलं गेलं: ‘वेगळ्या दिशेने विचार करा.’ मूळ लेख त्यांनी खोडून टाकला, कारण पसारा ठेवू नये असं एका लेखात ठळक लिहिलं होतं.

आणि काय सांगायचं, ब्लॉग धो धो चालायला लागला! ‘किती स्वच्छ!’ ‘डोळ्यांना गारवा!’ अशा प्रतिक्रियांचा पाऊस पडला. एका जुन्या वाचकाने मात्र विचारलं, ‘साहेब, बेसिनखालची गळती होती ती कुठे गेली हो? माझ्याकडे अजून आहे.’ हा मुद्दा दिसण्यासंबंधी नसल्यामुळे त्याला केवळ आभाराचं उत्तर पाठवण्यात आलं.

मग एका भर दुपारी फोन वाजला.

“दादा! पाइप फुटलाय! मशीनच्या मागचा!”

“मेन कॉक बंद कर!”

“फिरवला! आणखी जोरात यायला लागलं! नेमकं काय करायचं होतं रे? माझं डोकंच चालत नाहीये!”

आता माणूस म्हणेल, साहेबांनी तोंडाने सांगून टाकावं. पण लिहून झालेली गोष्ट लक्षातही ठेवणं, याला कक्षात दुबार काम म्हणत. ते साहेबांनी आयुष्यभर टाळलं होतं.

“ब्लॉग उघड! सगळं आहे त्यात!”

“उघडला. कोणीतरी बाई पाणी पितेय.”

“खाली जा.”

“खाली बाईच आहे! कोपरापर्यंत आली.”

“अजून खाली.”

“आता नुसतं पांढरं आहे. दादा, मोबाइल बिघडला का रे?”

“ती मोकळी जागा आहे. श्वास घे.”

“कसला श्वास घेऊ? घोट्यापर्यंत पाणी आलंय! थांब, खिडकी उघडली. माझं पाण्याशी नातं काय, असं विचारतंय!”

“काहीही लिही गं!”

“बोटं ओली आहेत, मोबाइलवर चालत नाहीयेत! हां, गेली खिडकी एकदाची. आता सूर्य उगवला. वेगळ्या दिशेने विचार करा म्हणे. दादा, कसला विचार करू? निळा तागा गेला! मी टेबलावर चढलेय!”

साहेबांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर ब्लॉग उघडला. त्यांनाही बाई दिसली. त्यांनाही खिडकीने नाव-गाव विचारलं, आणि त्यांनी ते घाबरून खरंखुरं भरलं. कधी डावीकडे, कधी उजवीकडे ते हवेत कॉक फिरवून बघत होते आणि दोन्ही दिशा बरोबर वाटत होत्या.

स्वयंपाकघरातून बायको पदराला हात पुसत आली. तिने त्यांच्या हातातून फोन अक्षरशः हिसकावला.

“वन्सं, टेबलावरून उतरा आणि कॉक डावीकडे फिरवा! डावीकडे! तुमच्याकडचा उलटा आहे!”

फोनमध्ये पाय पाण्यातून चालल्याचा आवाज आला. काहीतरी करकरलं. मग बहीण म्हणाली, “थांबलं गं वहिनी,” आणि हुंदके देऊन रडायला लागली.

साहेब बायकोकडे बघतच राहिले. “तुला कसं माहीत?”

“लिहिलं नव्हतंत का तुम्ही? लाल अक्षरांत?”

“तू वाचायचीस?”

“तुम्ही लिहायचात, मी वाचायची. घरात आणखी कोण वाचणार होतं?”

एवढ्या वर्षांच्या नोकरीत इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. त्याच संध्याकाळी दोघं बहिणीकडे पोचली. गुडघ्यांवर बसून त्यांनी पाणी उपसलं, तागे पिळले, दोऱ्या बांधून वाळत घातले. बरंचसं कापड रंग सोडून बसलं होतं. बहिणीने उलट दोघांना चहा करून दिला, आणि ते साहेबांना जास्त लागलं.

परत आल्यावर त्यांनी बाईला निरोप दिला. सूर्य मावळवला. पिवळी पार्श्वभूमी आणली, लाल अक्षरं आणली, आणि बहिणीच्या बुडालेल्या खोलीचा, पोचल्या पोचल्या काढलेला फोटो लावून खाली लिहिलं: ‘माझा ब्लॉग देखणा करण्याच्या नादात मी माझ्या बहिणीचं घर बुडवलं. कृपा करून आजच उठा, आपल्या घराचा मेन कॉक शोधा आणि तो कुठल्या बाजूला फिरतो ते एकदा फिरवून बघा.’

एका रात्रीत त्या फोटोचा नुसता गवगवा झाला. सकाळी जावयांचा फोन आला, आवाज भारावलेला. “बाबा, काय फोटो आहे! ते निळं कापड पाण्यावर तरंगतंय, खिडकीतून तिरपा उजेड येतोय... शेवटी जमलं तुम्हाला! फक्त खालचा मजकूर काढा, उगाच तिकडे लक्ष जातं.”

“नाही काढणार,” नळसाहेब म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी तक्रार फेटाळली होती.

काढायची गरज पडलीच नाही म्हणा. लोकांनी फोटो तेवढा कापून घेतला आणि पुढे पाठवला. दातांच्या डॉक्टरांनी तो मोठा करून दवाखान्यात लावला. तुमच्याकडेही आला असेलच की: निळं कापड, पाणी, उजेड. तुम्ही त्यावर बदाम टाकून पुढे गेला असाल. हरकत नाही, निदान तो मजकूर आत्ता इथे तरी वाचलात.

मग उठताय ना? का आधी ही गोष्ट कोणाला तरी पुढे पाठवताय?