बेटाची रंगीत तालीम

डॉक्टर मुरलीधर खांबेटे यांच्या हातून आजवर एकही गोष्ट तयारीशिवाय झाली नव्हती, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. कार्डिफच्या हॉस्पिटलात तीस वर्षं त्यांनी लोकांना भूल दिली होती. तयारी न करता भूल दिली तर काय होतं, हे ते समोरच्याचा घास हातात असतानासुद्धा समजावून सांगत. त्यामुळे रिटायर झाल्यावर बायकोला एका बेटावर न्यायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा त्याची फाइल होणार हे उघडच होतं.

बेट विषुववृत्ताजवळचं. त्यावर कोळ्यांचं एक लहानसं गाव, गावात एका जुन्या शिक्षिकेच्या घरातल्या भाड्याच्या दोन खोल्या, समोर समुद्र. टीव्ही नाही, एसी नाही आणि मुख्य म्हणजे एकही नातेवाईक नाही! समुद्र आणि नारळच बघायचे तर मालवण काय वाईट, असं मित्रांनी विचारून झालं होतं. पण मालवणला जायचं तर वाटेत मुंबईचे काका आणि पुण्याची आत्या लागणार. आजवरची प्रत्येक रजा अशीच कुणाच्या मुंजीत, कुणाच्या बारशात आणि चॉकलेटं वाटण्यात संपली होती. दोघंच असे ते कुठे गेलेच नव्हते. हॉस्पिटलच्या निरोपाचा केक कापताना हे त्यांच्या एकदम लक्षात आलं आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं.

सुप्रभाताईंनी मात्र साफ नकार दिला. कारण उकाडा. दोन वर्षांपूर्वी भर मे महिन्यात नागपूरला भाच्याच्या लग्नात त्या चक्कर येऊन पडल्या होत्या. एवढ्या वर्षांत अंगाला इथल्या थंडीची सवय झाली, आता ते ऊन सोसायचं नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

मुरलीधरराव हार मानणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, आधी तालीम करू. आठवडाभर घरातच बेट करू. तुला सोसलं तर तिकिटं काढायची, नाही सोसलं तर मी बेटाचं नाव पुन्हा काढणार नाही. सुप्रभाताईंनी बराच विचार केला आणि बरं म्हणाल्या. म्हणजे आता सगळं या एका आठवड्यावर येऊन ठेपलं.

२००९चा फेब्रुवारी होता. थर्मोस्टॅटला कुणी हात लावला की "एक स्वेटर घाल की" म्हणणाऱ्या मुरलीधररावांनी तो स्वतःच्या हाताने शेवटपर्यंत फिरवला. शिवाय दोन हीटर आणले. हवा दमट व्हावी म्हणून किटल्या उकळल्या, रेडिएटरवर ओले टॉवेल टाकले. टीव्हीवर चादर घातली, फोनची पिन काढली. बेटावर झाडी हवी, म्हणून माधवचा कढीपत्ता आणला. माधव त्यांचा मित्र, तेव्हा भारतात गेलेला. त्याचा कढीपत्ता सबंध कार्डिफच्या मराठी मंडळींत प्रसिद्ध होता. थंडीत तो जगावा म्हणून माधव त्यावर मोठाले दिवे लावी. त्या सगळ्या कुंड्या दिव्यांसकट वरच्या खोलीत आल्या. उजेडाचा शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून मुरलीधररावांनी खिडकीला जाड काळा पडदाही लावला. तयारी म्हणजे तयारी!

आठवडा सुरू झाला. मुरलीधरराव ब्लडप्रेशरचं यंत्र घेऊन बायकोच्या मागेमागे फिरू लागले. पण सुप्रभाताईंना काहीच होईना. उलट त्या खुलल्या. त्यांनी ट्रंकेतल्या सुती साड्या काढल्या. थंडीने आखडलेली बोटं सैल झाली, हातात बांगड्या चढल्या, गुडघे कुरकुरायचे थांबले. दुपारी कोकम सरबत करून त्या जमिनीवरच बसत, आणि टीव्ही नसल्यामुळे मुरलीधररावांना नाइलाजाने बोलावं लागे. मग ते आपल्या लहानपणचं सांगत, आईचं सांगत. बायको इतकी छान हसते, हे आपण विसरलोच होतो की काय, असं त्यांना वाटून गेलं.

एकच अडचण होती. उकाडा मुरलीधररावांनाच सोसत नव्हता.

पहिल्याच दिवशी त्यांचा जीव कासावीस झाला. दुसऱ्या दिवशी ते लोणी शोधण्याच्या निमित्ताने फ्रिजमध्ये डोकं घालून उभे राहिले. पण हे बायकोला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की बेट बुडालं! मग त्यांनी युक्ती काढली. कचऱ्याचा बिन बाहेर ठेवून येतो, असं सांगून ते बनियन आणि अर्ध्या चड्डीवर बाहेर पडत आणि दारातल्या थंडगार गाडीत जाऊन बसत. दिवसातून इतक्या वेळा कचरा टाकणारं हे घर आहे तरी कसलं, असा प्रश्न शेजाऱ्यांना पडू लागला.

आणि मग बर्फ पडला. सकाळी रस्त्यावरची सगळी छपरं पांढरी होती. खांबेट्यांचं तेवढं कोरडं ठणठणीत, वर मंद वाफ. खाली काळा पडदा, पडद्याच्या फटीतून लख्ख उजेड, आणि गाडीत बनियन-चड्डीतला म्हातारा. शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. असं छप्पर दिसलं की आत कुणीतरी दिवे लावून गांजा पिकवतंय, असा संशय पोलिसांना येतो.

सार्जंट प्रॉसर आणि एक तरुण कॉन्स्टेबल आले. त्यांनी गाडीच्या काचेवर टकटक केलं.

"सर, इथे काय करताय?"

"बायकोपासून लपलोय." मुरलीधररावांना पोलिसांशी खोटं बोलायची सवयच नव्हती.

"वरच्या खोलीत दिवे कसले आहेत?"

"झाडांसाठी. पण ती माझी नाहीत. एका मित्राची आहेत, तो सध्या देशाबाहेर आहे. मी फक्त सांभाळतोय."

कॉन्स्टेबलने पेन काढलं.

"हा मित्र पानं विकतो?"

"छे, तशीच वाटतो," मुरलीधरराव अभिमानाने म्हणाले. "कार्डिफमधले निम्मे डॉक्टर त्याच्याकडूनच नेतात. एकदा सवय लागली की दुकानातली चालत नाहीत."

यानंतर मुरलीधररावांना दोन्ही बाजूंनी धरून घरात नेण्यात आलं.

दार सुप्रभाताईंनी उघडलं. पोलीस बघून त्या घाबरल्या, पण वर जाऊ द्या म्हटल्यावर त्यांनी वाट दाखवली. सार्जंटने एक पान तोडलं, चुरगळलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं. मग तो ओशाळून हसला. खाली येईपर्यंत दोघांचे शर्ट भिजले होते. सुप्रभाताईंनी त्यांना कोकम सरबत दिलं, ते त्यांनी जॅकेटं काढून दोनदा मागून घेतलं. निघताना सार्जंटने हळूच सांगितलं, की तुमच्या मिस्टरांना हा उकाडा सोसत नसावा, शेजारी म्हणतात ते रोज गाडीत जाऊन बसतात, बर्फात आजारी पडतील.

दार बंद झालं. मुरलीधरराव जिन्याच्या पायरीवर मान खाली घालून बसले.

"बिन ठेवायला जात होतात ना?" सुप्रभाताईंनी विचारलं.

"मलाच सोसत नाही गं. पहिल्या दिवसापासून. तुला कळलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

सुप्रभाताई त्यांच्या शेजारी बसल्या. थोडा वेळ बांगड्यांशी चाळा करत राहिल्या.

"उकाड्याचं मलाही काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "नागपूरला मी सकाळपासून उपाशी होते, म्हणून पडले. मला भीती वाटत होती, अहो. तिथे आपण दोघंच. तुम्ही जन्मभर ड्यूटीवर. घरी आलात की आपण बोलणार वाणसामानाचं, नाहीतर पाहुण्यांचं. आता बोलायचं काय, याची भीती वाटत होती."

"आणि आता?"

"या आठवड्यात मी एकदाही घड्याळ बघितलं नाही."

मुरलीधररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. घामात ते वेगळं दिसलं नाही, हे बरंच झालं.

"तिकिटं काढा," सुप्रभाताई म्हणाल्या. "तुम्ही तिथे समुद्रात मानेपर्यंत बसून राहा. मी काठावर बसेन, ऐकू येईल इतक्या जवळ."

तिकिटं त्याच संध्याकाळी निघाली. पण तयारीशिवाय काही करतील तर ते मुरलीधरराव कसले! दुसऱ्या दिवशी सकाळी गार पाण्याने भरलेल्या टबात ते मानेपर्यंत बसले. दाराबाहेर पाटावर सुप्रभाताई बसल्या आणि कार्डिफला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात, ते ड्यूटीवर असताना, आपण एकट्याच बसने शहरभर कशा हिंडायचो, हे सांगू लागल्या. हे त्यांनी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. गोष्ट ऐन रंगात आली आणि मुरलीधररावांच्या पायाच्या अंगठ्यात साखळी अडकून बूच निघालं. गडगड करत सगळा समुद्र वाहून गेला. मुरलीधरराव कुडकुडत कोरड्या टबात तसेच बसून राहिले, कारण गोष्ट अजून अर्धी राहिली होती.