इन्स्पेक्टरसाहेबांचा एक घास

सुलोचनाबाईंनी ही गोष्ट फक्त अमरभाऊला सांगितली, आणि तिथंच सगळं नासलं.

टीव्हीवरच्या मालिकेतला इन्स्पेक्टर बोरच्या जंगलात शूटिंगला चालला होता. हिंगणीला जाता जाता तो वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत वीस मिनिटं थांबून सुलोचनाबाईंचा बर्गर खाणार होता. त्यांची लेक काजल दोन महिने त्याला मेसेज पाठवत होती, तेव्हा कुठं हे जमलं होतं. मोठ्या रस्त्यावर कंपनीचं एसी बर्गरचं दुकान उघडल्यापासून सुलोचनाबाईंचं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं होतं. चौदा वर्षं जी पोरं त्यांच्या आलूबोंड्याच्या टिक्कीवर, ठेच्यावर आणि मूठभर चिरलेल्या सांभारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, तुटून पडत, तीच आता काचेआड बसून फिका पाव चघळत होती.

"एकच फोटो पाह्यजे," काजल म्हणाली. "त्यानं घास घेतलेला, मागं आपला बोर्ड. मंग पाहा कशी गर्दी होते ते. पण कोणाले सांगू नको, आई."

"अमरभाऊले तं सांगा लागन ना वं. वार्डातला माणूस आहे. उद्या तोंड फुगवून बसन."

अमरभाऊ दोनदा निवडणुकीत पडला होता. तिसऱ्यांदा पडायची त्याची तयारी चालू होती. ऐकताच तो उभाच राहिला.

"काकू, एवढा मोठा माणूस येऊन राह्यला, अन् सत्कार नाई? गावाचं नाक कापता काय?"

"त्याले भूक लागन, भाऊ. खाऊन जाऊ द्या त्याले."

"पाच मिनिटांचं काम आहे. शाल, नारळ, खतम!"

आपल्याकडं माणूस बुडत असला तरी आधी त्याचा परिचय करून देतात, मग दोर शोधतात. बारा वाजता इन्स्पेक्टर उतरला, तेव्हा दुकानासमोर मंडप होता, पंचवीस खुर्च्या होत्या आणि अमरभाऊच्या फोटोचं दहा फुटी बॅनर होतं. ते नेमकं सुलोचनाबाईंच्या बोर्डावर बांधलं होतं.

"मावशी," इन्स्पेक्टर हात जोडून म्हणाला, "सकाळपासून नुसत्या चहावर आहे. वास तर जबरदस्त सुटलाय."

सुलोचनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टिक्की तव्यावर टाकली, पाव लोण्यात शेकला, बर्गर बशीत ठेवला. तेवढ्यात माईक कोकलला.

रिटायर हेडमास्तर नत्थूजी परिचय करून देत होते. आपल्या शाळेच्या पायाभरणीपासून त्यांनी सुरुवात केली. वीस मिनिटांनी शाळेवर छप्पर चढलं, तरी पाहुण्याचा पत्ता नव्हता. मग ते खाली वाकून त्यालाच कानात विचारू लागले, "साहेब, आपलं खरं नाव काय जी?" त्यानं सांगितलेलं त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी सरळ "इन्स्पेक्टरसाहेब" म्हणून वेळ मारून नेली आणि शेतातली मोटर चोरीला गेल्याची तक्रारही तिथंच सांगून टाकली.

पहिला बर्गर थंड झाला. पाहुण्याला थंड कसं द्यायचं म्हणून सुलोचनाबाईंनी दुसरा करायला घेतला. पहिला मंडपवाल्यानं उभ्याउभ्या संपवला.

मग शाली सुरू झाल्या. भजनी मंडळाची, रिक्षा संघटनेची, महिला बचत गटाची, क्रिकेट क्लबची. एप्रिलचं ऊन, वर नऊ शाली. इन्स्पेक्टरच्या कपाळावरून घाम नाकावर, नाकावरून हारात टपकत होता.

"बस झालं, भाऊ!" सुलोचनाबाई बशी घेऊन मंचावर घुसल्याच. "काजल, मोबाईल काढ."

इन्स्पेक्टरनं बर्गर दोन्ही हातांनी उचलला आणि तोंड उघडलं.

"थांबा, थांबा, साहेब!" अमरभाऊनं त्याचं मनगट धरलं. "असं एकट्यानं खात नसतात इथं. आधी एकामेकाले भरवा लागते. फोटो चांगला येते."

वाढदिवसाचा केक असो की निवडणुकीचा पेढा, ज्याचा मान त्यानं दुसऱ्याला भरवायचं, ही इथली रीत. इन्स्पेक्टरनं अमरभाऊला भरवलं. अमरभाऊनं घास घेतला तो अर्ध्या बर्गरचा. मग नत्थूजी पुढं झाले. मग भजनी मंडळ.

"काकू, ठेचा मस्त झाला बरं!" रिक्षा संघटनेनं तोंडभर सांगितलं.

शेवटी इन्स्पेक्टरच्या बोटांना फक्त ठेचा उरला. त्यानं ती बोटं चाटायला उचलली, तर क्रिकेट क्लबनं हस्तांदोलन केलं.

"सर, उशीर झाला," त्याचा मॅनेजर ओरडला.

सुलोचनाबाईंनी तिसरा बर्गर कागदात गुंडाळला आणि गाडीकडं धावल्या. वाटेत अमरभाऊनं तो हातातून काढून घेतला.

"मी देतो, काकू. तुम्ही बाजूले व्हा जराशा."

तो कॅमेऱ्याकडं तोंड करून, पार्सल पुढं धरून, हसत उभा राहिला. त्यानंच आणलेल्या फोटोवाल्यानं तीन फोटो काढले. तेवढ्यात गाडी निघून गेली.

अर्ध्या तासानं काजलनं मोबाईल आईपुढं धरला. फोटोत इन्स्पेक्टर कंपनीच्या दुकानात, एसीखाली बसला होता. गळ्यात अजून भजनी मंडळाची शाल, तोंडात मावेना एवढा घास. खाली लिहिलं होतं : 'वर्धेकरांचं प्रेम विसरणार नाही. अखेर जेवायला मिळालं.'

सुलोचनाबाईंनी तवा उतरवला. त्या दिवशी पहिल्यांदा दुकान तीन वाजता बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरभाऊ आला. चेहरा फुललेला.

"काकू, रविवारी तुमचा सत्कार ठेवला! तुमच्यामुळं एवढा मोठा माणूस गावात आला. शाल, नारळ, मानपत्र, सगळं आहे."

"कुठं?"

अमरभाऊनं मान खाजवली. "ते... कंपनीच्या दुकानावर हॉल आहे ना. एसी आहे. त्यायनं फुकटात देला. नाश्त्याले बर्गरही तेच देऊन राह्यले."

काजलनं हातातला झारा आपटला. सुलोचनाबाई मात्र कांदा चिरत राहिल्या.

"भाषणं किती हायेत?"

"जास्त नाईत. सहा."

"हाव," त्या म्हणाल्या. "मंग मी घरून जेवूनच येतो."