लाल डाग आणि भूमिदेवाचा कौल

भूमिदेवाच्या देवळावर लाल डाग पडला, आणि तोही श्यांगयिंगच्या हातून. तैवानातल्या या डोंगरगावाच्या कचेरीत नकाशाच्या कामावर आल्यापासून दरडीचा धोका दाखवणारा हा तिचा पहिलाच नकाशा. उतार, माती, पाऊस आणि जुन्या दरडींच्या नोंदी असे थर तिने संगणकावर एकावर एक चढवले, आणि लाल रंग नेमका देवळाच्या अंगणात उतरला. आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला तिथेच देवाची पंगत बसायची होती.

गावप्रमुख चानकाकांनी नकाशा डोळ्यांजवळ धरला. "पोरी, देवालाच घराबाहेर काढतेस की काय?"

मग पंगत त्यांनी आपल्याच दारी, चहा वाळवायच्या अंगणात नेली. तिथे नकाशा हिरवागार, म्हणजे धोका नाही. शिवाय निवडणूक जवळ आली होती.

देवाची परवानगी मात्र हवी होती. काकांनी चंद्रकोरीसारखे दोन लाकडी कौल टाकले. एक उताणा, एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे तर नकार. दोन्ही उताणे पडले तर देव नुसता हसतो, उत्तर देत नाही. काकांचे दोन्ही पालथे पडले. पुन्हा टाकले, पुन्हा पालथे.

"देव नको म्हणतोय," आचारीण बिएनमावशी म्हणाली.

प्रश्न नीट विचारला नसेल, असं म्हणत काकांनी देव कंटाळेपर्यंत विचारून होकार मिळवलाच. श्यांगयिंग हसून मावशीला म्हणाली, "शास्त्राला कौल लागत नाही."

पंगतीच्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला होता. मांडवात खेकडा-भात आला तेव्हा श्यांगयिंग शेजारच्या पाहुण्याला मोबाइलवर कौतुकाने नकाशा दाखवत होती. दाखवता दाखवता तिने हातातला घास खाली ठेवला. एका जुन्या दरडीच्या नोंदीत 'पुलावरचा कडा' असं लिहिलं होतं, आणि नकाशात त्या दरडीचा ठिपका देवळामागे होता. देवळाजवळ पूल नव्हताच. पूल इथे, मांडवाला लागून होता.

तैवानात नकाशावर जागा दाखवायची मोजणी दोन प्रकारची, जुनी आणि नवी. जुने आकडे तसेच नव्या नकाशात टाकले तर जागा आठशे मीटर सरकते. हे प्रत्येक नकाशेवाल्याला पाठ असतं. श्यांगयिंग तर गेल्याच महिन्यात यावर भाषण देऊन आली होती.

ती स्टुलावर चढली. "काका, माझी चूक झाली. लाल डाग देवळावर नाही, इथे आहे. आपण त्याच्यावर बसून जेवतोय."

"भात तर होऊ दे," काका म्हणाले.

तेवढ्यात पुलाखालच्या ओढ्याचा आवाज एकदम थांबला. एवढ्या पावसात ओढा गप्प बसला म्हणजे वर काहीतरी अडलंय, हे त्या डोंगरात कोणाला सांगावं लागत नाही. मांडव उठला. पण भरलं पान टाकून जाईल तो गावकरी कसला? बायकांनी पातेली उचलली, पुरुषांनी गोल टेबलांच्या वरच्या फळ्या सोडवून चाकांसारख्या रस्त्यावर पळवल्या. सर्वांत पुढचं चाक चानकाकांचं होतं. देवळाशी पोचून माणसं मोजून होतात तोच मागे कडा कोसळला. काकांच्या अंगणात छातीएवढा चिखल भरला.

देवळात भात पुन्हा वाढला गेला. काकांनी स्वतःच्या हाताने खेकडा आधी देवाला वाढला, मग श्यांगयिंगला. रागवायचं राहिलंय, ते उद्या, असंही सांगितलं.

आठवड्याभरात तिने नकाशा दुरुस्त केला आणि वर पाठवण्याआधी देवळात आणला.

"शास्त्राला कौल लागत नाही ना?" मावशीने विचारलं.

"नाही लागत. पण देव जुन्या मोजणीतला आहे, विचारलेलं बरं."

तिने कौल टाकले. दोन्ही उताणे पडले.

श्यांगयिंगने नकाशा गुंडाळला आणि पुन्हा तपासायला कचेरीची वाट धरली.