परबकाकांची दुसरी चावी

चारकोपच्या आमच्या सोसायटीत परबकाका गाडी लॉक केली की चारही दारं ओढून बघतात, मग डिकी, आणि हात लागलाच आहे म्हणून शेजारच्या गाडीचीही दारं ओढतात. एकदा शेजारच्या गाडीचं दार उघडलं आणि आत मालकच झोपलेला निघाला. तो दचकून उठला, तर काका त्यालाच ओरडले, "आतून लॉक करून झोप रे. कोणाचो भरवसो नाय."

हे त्यांचं पालुपद. त्यांना लिफ्टचा भरवसा नाही, डॉक्टरने दिलेल्या गोळीचाही नाही. गोळी ते आधी अर्धी घेतात, काही झालं नाही तर उरलेली.

अशा माणसाने मुलीला स्वतः गाडी शिकवली, हे मला अजून खरं वाटत नाही. दीप्ती चालवायची आणि काका शेजारी बसून हँडब्रेक ओढून धरायचे. "बाबा, हात काढा, जळका वास येतोय," असं ती रस्ताभर म्हणायची. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ही दोघंच. दोन वर्षांपूर्वी तिने वडिलांच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती मुलुंडला गेली. तेव्हापासून काकांच्या तोंडून तिचं नाव मी ऐकलं नव्हतं.

मागच्या महिन्यात काकांची गाडीची चावी हरवली. बाजारात बांगडे निवडताना खिशातून पडली असेल, असं मी म्हटलं.

"पडाक नाय. कोणीतरी काढल्यान," काका म्हणाले. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. "माझ्या मागून घरापर्यंत इलो असतलो. आता नुसती वाट बघता."

त्यांनी गाडीचं मागचं चाक साखळीने जिन्याच्या गजाला बांधलं. कोणी हात लावला तर वाजावा म्हणून बॉनेटवर स्टीलचा पेला ठेवला. माझी स्कूटर गाडीपुढे आडवी लावून घेतली, आणि स्वतः जेवायला जाताना मला पहाऱ्याला बसवलं.

मी आधी हसत होतो, पण भीती साथीसारखी पसरते. तिसऱ्या दुपारी टोपी घातलेला एक माणूस गाडीजवळ थांबून इकडेतिकडे बघू लागला. मी ओरडलो, तो दचकला, त्याचा धक्का गाडीला लागला, पेला खणखणत पडला, काका उष्ट्या हाताने धावत आले. तो बिचारा विजेचं मीटर बघायला आला होता. मीटर न बघताच गेला.

त्याच संध्याकाळी मी चावीवाल्याला बोलावलं. त्याने दार उघडलं, नवी चावी कापली, गाडीला एक छोटं मशीन जोडलं.

"काका, जुन्या चाव्या कॅन्सल करू ना? मग ज्याला सापडली त्याने कितीपण फिरवू दे, गाडी चालू नाही होणार."

तीन दिवसांत पहिल्यांदा काकांचा चेहरा सैल झाला. "कर, कर. लगेच कर."

"मग दुसरी चावी द्या. गाडीसोबत दोन येतात ना. ती आत्ता इथे पाहिजे, नाहीतर तीपण कॅन्सल होणार."

काकांनी उघडंच दार एकदा ओढून बघितलं.

"नाहीये का?"

"आसा. पण हय नाय."

चावीवाल्याचं बोट बटणावर होतं. काका त्या बोटाकडेच बघत होते.

"रवांदे," ते म्हणाले. "जुन्या रवांदे. नवी नुसती जोड."

"अहो, मग हरवलेलीने पण चालू होणार. चोर आरामात घेऊन जाईल."

"माका कळता."

चावीवाला गेल्यावर मला राहवेना. "काका, एवढे घाबरता, आणि मग हे काय केलंत?"

"ती दीप्तीकडे आसा. पर्समध्येच रवली," ते म्हणाले. "कधी इली, चावी लावल्यान, आणि गाडी चालू नाय झाली, तर? तिका वाटतला, बापाशीन आपल्याक कॅन्सल केल्यान."

या माणसाला मी दोन वर्षं दगड समजत होतो, याची मला लाज वाटली.

काकांनी पेला पुसून पुन्हा बॉनेटवर ठेवला, चारही दारं ओढून बघितली.

"तुझी स्कूटर आडवीच ठेव रे."

"ठेवतो."

"आणि ती इली तर लगेच काढ हां."

स्कूटरची चावी मी आता दाराजवळच्या खिळ्याला टांगतो.