चार बोल्ट आणि बाबांची आंघोळ

"मशीन मी आणतो," टिल्लू म्हणाला. "माणसंबिणसं लावायची गरजच नाही. मशीन कसं हलवायचं याचा मी अभ्यास केलाय."

आता टिल्लूचा अभ्यास म्हणजे काय, ते आधी सांगतो. उंची सहा फूट, नाव टिल्लू. शाळेत पहिल्या बाकावरचा सगळ्यात बुटका हाच. पुढे अंग वाढलं, नाव तेवढंच राहिलं. डोक्याचंही तसंच झालं असं त्याची ताई म्हणते, पण ती सख्खी बहीण, तिला हक्क आहे. तर या टिल्लूने जेवता जेवता मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता. झाला अभ्यास.

मशीन म्हणजे ताईचं कपडे धुवायचं मशीन. पांढरं, समोर गोल काचेचं दार, सहा वर्षं वापरलेलं पण ठणठणीत. ताईच्या नव्या घरात मशीन आधीच बसवलेलं होतं, म्हणून जुनं आईला द्यायचं ठरलं. आईला ते हवं होतंच, फक्त ती तसं म्हणत नव्हती. तिचं उजवं मनगट वर्षभर दुखत होतं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, कपडे पिळणं बंद. आई म्हणायची, "मला मेलीला काय होतंय?" पण चहाचं पातेलं हल्ली ती दोन्ही हातांनी उचलायची, आणि टिल्लूने ते बघून ठेवलं होतं. म्हणून तर एवढी घाई.

अडचण होती ती बाबांची.

बाबा शिंपी. गल्लीतल्या निम्म्या माणसांच्या अंगावर बाबांच्या हातचे शर्ट. स्वतः मात्र बारा महिने पांढराच घालणार, आणि तोही आईने हाताने धुतलेला.

"कॉलर ही शर्टाची इज्जत असते," बाबा म्हणाले. "ती अंगठ्याने घासावी लागते. तुझ्या मशीनला अंगठा आहे का?"

"मशीनला नाही, पण आईला दोनच आहेत बाबा. आणि ते झिजत आलेत."

बाबा कोर्टात निकाल द्यावा तसं म्हणाले, "ठीक आहे. एक धुणं. माझे तीन शर्ट. एका जरी कॉलरवर डाग राहिला, नाहीतर एक जरी बटण तुटलं, तर जिथून आलं तिथे परत."

आईने मान खाली घालून भाजी निवडायला घेतली. एक हात निवडत होता, दुसरा नुसता मांडीवर.

शनिवारी टिल्लू ताईकडे पोचला तो थेट मशीनच्या मागेच जाऊन बसला. "ताई, बोल्ट कुठायत?"

"कसले बोल्ट?"

"अगं, हे मशीन हलवताना आतला ड्रम हिंदकळतो. म्हणून मागून चार लांब बोल्ट लावून तो आवळून टाकायचा. नवीन येतं तेव्हा लावलेलेच असतात. लोक फेकून देतात. अडाणी लोक."

ताई अडाणी नव्हती. तिने सहा वर्षं ते चार बोल्ट एका पिशवीत बांधून जपून ठेवले होते. टिल्लूने पाना घेतला, चारही बोल्ट असे आवळले, असे आवळले, की शेवटच्या पिळाला त्याची स्वतःचीच मान वाकडी झाली.

"आणि हे बघ, घरी पोचल्यावर..." ताई म्हणायला लागली.

"ताई, मी लहान आहे का?"

पाना त्याने तिथेच ठेवला. बोल्ट लावून झाले, आता पान्याचं काय काम?

टेम्पोवाला आणि टिल्लू, दोघांनी मिळून मशीन दोन मजले चढवलं. सत्तर किलोचं धूड. आत सिमेंटचा ठोकळा असतो, हेही टिल्लूने टेम्पोवाल्याला जिन्यातच सांगितलं, आणि तेही चढताना, म्हणजे टेम्पोवाल्याला बोलायला दम नसताना. वर पोचल्यावर घाम पुसत तो म्हणाला, "दादा, ते मागचे बोल्ट तेवढे..."

"लावलेत, लावलेत. चारही. मला माहितीये."

टेम्पोवाल्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मशीनकडे पाहिलं, आणि तो निघून गेला. शहाणा माणूस.

स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यामध्ये एक चिंचोळी जागा आहे. एका भिंतीला नळ आणि वीज, तिथे मशीन बसलं. बरोबर समोर बाथरूमचं दार. ते बाहेर उघडतं, आणि दारापुढची जमीन चार बोटं खोल आहे, पाणी वाहून जायला. हे नीट ध्यानात ठेवा, टिल्लूने ठेवलं नव्हतं.

रविवारी सकाळी नऊ वाजता परीक्षा सुरू झाली. तीन पांढरे शर्ट आत गेले. बाबांनी आधी प्रत्येकाची बटणं मोजली, सात, सात, सात, आणि मगच दार लावू दिलं. आईने काचेसमोर स्टूल टाकलं आणि ती सिनेमाला बसावं तशी बसली.

"बघ रे, तुझ्या बाबांचा शर्ट कसा लोळतोय. असे लोळताना ते स्वतः कधी दिसले नाहीत."

"मी इथेच आहे," बाबा म्हणाले.

"म्हणून तर सांगतेय."

अर्धा तास असा झकास गेला. मशीन घुटुक घुटुक करत होतं, फेस येत होता, आईचा हात मांडीवर निवांत पडला होता. टिल्लू छाती काढून दोन वेळा चहा प्यायला. बाबा म्हणाले, "हं. निकाल लागेपर्यंत मी आंघोळ करून घेतो." टॉवेल घेतला, आत गेले, कडी लावली.

आणि मशीनने पिळायला घेतलं.

आधी नुसती थरथर. मग धडधड. मग अशी दणदण, की कपाटातली भांडी एकमेकांना हाका मारायला लागली. आई स्टुलासकट मागे सरकली. "अरे टिल्लू, हे रागावलं का?"

"नाही गं, पहिल्यांदा असंच..."

पुढचं त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही, कारण मशीनने पाऊल टाकलं. खरंच टाकलं हो. आधी डावं, मग उजवं, नव्या जावयासारखं जरा अडखळत, पण ठाम. टिल्लूने झेप घेऊन त्याला मिठी मारली. सहा फुटांचा माणूस मशीनला कवटाळून उभा, आणि मशीन त्याला घेऊन चाललंय. त्याचे दात असे वाजत होते की "आ-आ-आई, ब-ब-बटण" एवढंच बाहेर पडलं. आईला वाटलं, शर्टाचं बटण तुटलं, म्हणून ती वाकून जमिनीवर बटण शोधायला लागली.

मशीन समोर पोचलं, त्याचे पुढचे दोन पाय त्या खोलगट जागेत उतरले, धाड! मागची वायर ताणली जाऊन प्लग सुटला. सगळं एकदम शांत. मशीन बाथरूमच्या दाराला कपाळ टेकून उभं होतं.

"काय पडलं?" आतून बाबा.

"काही नाही बाबा. मशीन आलंय."

"कुठे आलंय?"

"तुमच्या दाराशी."

"कशाला?"

टिल्लूने मशीन ओढून पाहिलं. ढकलायला तर पलीकडे जागाच नव्हती. खांद्याने उचलून पाहिलं, तर खांदा वर गेला, मशीन तिथेच. आई पुढे झाली तशी तो ओरडलाच, "तू हात लावायचा नाहीस!" शेवटी आतून बाबांनी दार लोटलं. दार थोडं हललं आणि अडलं.

"फट पडली," बाबा म्हणाले. "किती आहे ते बघ."

"दीड इंच."

"सव्वा," बाबा म्हणाले. शिंप्याचा डोळा, तो टॉवेलवरही शिंप्याचाच.

"मी शेजारच्या काकांना बोलावतो."

"खबरदार," सव्वा इंचातून आवाज आला. "या बिल्डिंगमधल्या सगळ्यांची मापं मी घेतो. माझं माप कुणी घ्यायचं नाही."

मग टिल्लूने ताईला फोन लावला. सगळं ऐकून ताईने एकच प्रश्न विचारला. "बोल्ट काढलेस ना?"

"काढले? मी लावलेत! चारही. तुझ्यासमोर."

ताई शांतपणे म्हणाली, तिचा असा आवाज फक्त टिल्लूसाठी राखून ठेवलेला आहे, "ते हलवताना लावायचे असतात, टिल्लू. चालवायच्या आधी काढायचे असतात. ड्रम आवळून बांधलास आणि वर त्याला फिरायला सांगितलंस. मग तो बिचारा मशीनसकटच फिरायला निघाला. थांब, आम्ही दोघं येतो. पाना घेऊन. तासभर लागेल."

टिल्लूने गुपचूप तो व्हिडिओ पुन्हा लावला. व्हिडिओ अकरा मिनिटांचा होता. सहाव्या मिनिटाला त्याचं जेवण संपलं होतं. सातव्या मिनिटाला पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'पोचल्यावर सर्वात आधी'. त्याने मोबाईल उलटा करून ठेवला.

इकडे आई स्टूल घेऊन त्या फटीपाशी बसली होती. एकेक करून चार बिस्किटं आत गेली. चहाचा कप काही सव्वा इंचातून जाईना.

"कंटाळा आला," बाबा म्हणाले.

"बादलीत दोन चादरी भिजत घातल्यात," आई म्हणाली. "आणि तुमचा कालचा शर्ट. आहातच आत, तर घ्या धुऊन."

"मी?"

"नाहीतर राहू द्या. मी करेन संध्याकाळी."

मग बादली ओढल्याचा आवाज आला. मग घासल्याचा. टिल्लू आणि आई एकमेकांकडे बघत राहिले.

"चादर पिळायची कशी?" आतून.

"एक टोक पायाखाली धरा. दुसरं उजवीकडून पीळ देत या."

"मनगटात कळ येतेय."

"हो. तिथेच येते," आई म्हणाली. "अंगठ्याच्या जरा खाली ना?"

आतलं पाणी थांबलं. "किती दिवस येतेय तुला?" बाबांनी विचारलं, आवाज वेगळाच होता. आईने पाचवं बिस्किट आत सरकवलं.

ताई आणि भावोजी पाना घेऊन आले. तिघांनी मिळून "एक, दोन, तीन" केलं, मशीन मागे आलं, दार उघडलं. बाबा टॉवेलवर, बोटांना सुरकुत्या पडलेल्या, उजव्या अंगठ्याचं साल निघालेलं. खांद्यावर धुतलेला शर्ट. कुणी हसलं नाही, कारण ताईने आधीच सगळ्यांना डोळे वटारले होते.

आईने तो शर्ट घेतला, कॉलर उजेडात धरली, बाबा धरतात अगदी तशी. "डाग राहिलाय हो," ती म्हणाली. "मग? जिथून आलं तिथे परत?" आणि तिने बाथरूमकडे बोट दाखवलं.

ताई हसायला लागली ती भिंतीला टेकून खाली बसली.

टिल्लूने मात्र मुकाट्याने चारही बोल्ट काढले, मशीन जागेवर नेलं, उरलेलं धुणं पुन्हा सुरू केलं. या वेळी मशीनने कपडे पिळले तेव्हा काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला वर ठेवला असता तरी सांडला नसता. तीन शर्ट बाहेर आले. बाबा चष्मा लावून बसले. पहिली कॉलर, स्वच्छ. दुसरी, स्वच्छ. तिसरी कॉलर तर दुधासारखी. मग बटणं. सात. सात.

सहा.

आईने हळूच आपलं मनगट पदराखाली घेतलं. बटण काचेच्या दाराच्या रबरात अडकलं होतं, टिल्लूला ते दिसतही होतं.

बाबांनी ते बोटांनी काढलं. उलटसुलट करून पाहिलं. मग सुईदोरा मागवला, आणि सगळ्यांसमोर, मान वर न करता, टाका घालता घालता म्हणाले, "हे सैलच होतं. माझाच टाका कच्चा पडला होता."

तुम्ही बाबांना ओळखत नाही, म्हणून सांगतो. आजवर या माणसाने आपला टाका कच्चा आहे असं कधी कबूल केलं नव्हतं. एकदा गिऱ्हाइकाची बाही हातात आली तेव्हासुद्धा म्हणाले होते, तुमचा हात जाड झालाय.

मशीन राहिलं. चार बोल्ट आता बाबांच्या बटणांच्या डब्यात असतात, आणि डबा आईच्या ताब्यात. बाबांनी कॉलर उजेडात धरून नुसतं "हं..." म्हटलं, की आई डबा हलवते. खडखड वाजतं. बाबा शर्ट घालतात.

परवा ताईचा फोन आला. तिला नवा फ्रिज घ्यायचाय, जुना आईला हवा का?

"हो हो, मी आणतो," टिल्लू फोनमध्ये म्हणाला. "फ्रिज कसा हलवायचा हे मला..."

बाबा शांतपणे उठले आणि त्यांनी खुंटीवरचा टॉवेल काढला.

"अहो, आता कुठे?" आईने विचारलं.

"आंघोळ उरकून घेतो," बाबा म्हणाले. "तो फ्रिज यायच्या आधी."